पुढच्या पन्नास वर्षांत तंत्रज्ञान जिंकणार की टंचाई? – दगड दळणाऱ्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की एकीकडे एआय, रोबोट, स्वस्त सोलर, बॅटऱ्या हे सगळं इतक्या झपाट्याने येतंय की वाटतं आता काही अडायचं नाही, आणि दुसरीकडे रोज कुठेतरी वाचायला मिळतं की तांबं संपत आलंय, पाणी संपत आलंय, लिथियम पुरणार नाही. मग पन्नास वर्षांनी माणूस मजेत असेल की एकमेकांच्या उरावर बसलेला असेल, यातलं खरं कोणाचं मानायचं, आणि आत्ता विशीत असलेल्याने काय शिकावं.

मी खनिज प्रक्रियेतला माणूस आहे, म्हणजे खाणीतून आलेला दगड फोडायचा, दळायचा आणि त्यातून धातू वेगळा काढायचा, हे काम आयुष्यभर केलं, नंतर नवीन प्रकल्पांचं प्लॅनिंग केलं. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

आधी 'संपणार' या भीतीचं बघू, कारण तिथेच निम्मा गोंधळ आहे. तांब्याचा जगातला साठा साधारण १०० कोटी टन आणि वर्षाला खाणीतून निघतं सव्वादोन कोटी टनांच्या आसपास, भागाकार केला की चाळीसेक वर्षं येतात आणि मग कोणीतरी व्हिडिओ टाकतो की २०६५ ला तांबं खलास. गंमत अशी की १९५० पासून हा आकडा कायम चाळीस वर्षांच्या आसपासच घुटमळतोय. कारण 'साठा' म्हणजे जमिनीत आहे तेवढं सगळं नाही. ड्रिल मारून मोजलेलं, आणि आजच्या भावात, आजच्या पद्धतीने काढायला परवडणारं, तेवढंच त्यात धरतात. साठ वर्षांनी लागणाऱ्या मालासाठी आज ड्रिलिंगवर पैसे कोण घालणार? कोणीच नाही. म्हणून आकडा वाढत राहतो, जसजशी गरज तसतसा.

याच्यावर १९८० साली एक प्रसिद्ध पैज लागली होती. पॉल एर्लिक हे जीवशास्त्रज्ञ म्हणत होते टंचाई येणार, ज्युलियन सायमन हे अर्थतज्ज्ञ म्हणत होते माणूस वाट काढतो. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन असे पाच धातू ठरले, दहा वर्षांत महागाई वजा जाता भाव वाढले तर एर्लिक जिंकले, उतरले तर सायमन. १९९० मध्ये एर्लिकनी ५७६ डॉलरचा चेक पाठवला. ही गोष्ट आशावादी लोक फार आवडीने सांगतात, पण तीच पैज २००० साली दहा वर्षांसाठी लावली असती तर निकाल उलटा लागला असता, कारण त्या दशकात धातूंचे भाव आभाळाला भिडले. म्हणजे पैज जिंकल्याने सिद्ध फार काही होत नाही. कुठली दहा वर्षं धरता त्याच्यावर आहे ते.

मग खरी अडचण कुठे आहे? ती प्लांटमध्ये दिसते.

शंभरेक वर्षांपूर्वी तांब्याच्या दगडात २ टक्के किंवा त्याहून जास्त तांबं असायचं, चांगला माल आधी उचलला गेला आणि आज ०.६ टक्क्याच्या आसपासचा दगड सर्रास दळला जातो. हिशोब करून बघा. २ टक्क्यांचा दगड असेल आणि त्यातलं ९० टक्के तांबं हाती लागलं, तर १ टन तांब्यासाठी ५६ टन दगड दळावा लागतो. ०.६ टक्क्याला तोच आकडा १८५ टन होतो. ०.४ ला २७८ टन. आणि हे फक्त मिलमध्ये, म्हणजे दळायच्या यंत्रात, जाणाऱ्या दगडाचं झालं, त्याच्यावरचा बिनकामाचा खडक उचलून बाजूला टाकायचा तो वेगळा.

आता मिलला ग्रेड, म्हणजे दगडात तांबं किती टक्के आहे ते, कळत नाही, तिला दगड कळतो. श्रीमंत दगड असो नाहीतर गरीब, तो पिठासारखा बारीक होईपर्यंत वीज तेवढीच लागते, टनाला साधारण १५-२० युनिट, दगड किती टणक त्याच्यावर कमीजास्त. १२ मीटर व्यासाचं एक आडवं पिंप, आत स्टीलचे गोळे, आणि फिरवायला २० मेगावॅटच्या वरची मोटर, हा आमच्या धंद्यातला राक्षस. त्या विजेतला टक्का-दोन टक्के भागच खरा दगड फोडण्यात कामी येतो, बाकी सगळी उष्णता आणि आवाज. मिलमधून बाहेर पडणारा गाळ हाताला कोमट लागतो, ती बहुतेक वीज तिथे गेलेली असते. पुढे फ्लोटेशनच्या टाकीत तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसात वर येतात, ते दिसायला फार सुंदर दिसतं, चमचमतं, पण विजेचं बिल तोपर्यंत मागच्या मिलच्या शेडमध्येच लागलेलं असतं.

म्हणून मी म्हणतो की तांबं संपत नाही, ते पातळ होत जातं. आणि पातळ झालेली वस्तू गोळा करायला ऊर्जा लागते, पाणी लागतं, आणि उरलेला गाळ ठेवायला जागा लागते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या टंचाया पण ओळखीच्या वाटायला लागतात.

पाणी घ्या. समुद्राचं खारं पाणी गोडं करायला आजच्या चांगल्या रिव्हर्स ऑस्मोसिस प्लांटला घनमीटरला ३ ते ४ युनिट लागतात, आणि भौतिकशास्त्राने घालून दिलेली खालची हद्द साधारण १ युनिट आहे, म्हणजे तंत्रज्ञानाने इथे जवळजवळ मजल मारलेली आहे, आता अजून दहापट सुधारणा वगैरे होणार नाही, कोणी सांगितलं तरी. पिण्यासाठी हे भाव परवडतात. पण माणूस जे गोडं पाणी उपसतो त्यातलं ७० टक्के शेतीला जातं, आणि शेती समुद्राला लागून नसते. १ घनमीटर पाणी १००० मीटर वर चढवायला पंपात वाया जाणारी वीज धरून साडेतीन युनिट लागतात, म्हणजे गोडं करायला लागली तेवढीच वीज परत. त्यामुळे किनाऱ्यावरच्या शहराची तहान आणि आतल्या पठारावरच्या शेताची तहान या दोन पूर्णपणे वेगळ्या समस्या आहेत, एकीला उत्तर आहे, दुसरीला भूजल जपून वापरण्याशिवाय फारसं नाही.

खताचं उदाहरण तर याहून बोलकं आहे, कारण तिथे एकाच पिशवीत दोन वेगळी भविष्यं भरलेली असतात. १८९८ मध्ये विल्यम क्रूक्स या रसायनशास्त्रज्ञाने जाहीर इशारा दिला होता की नायट्रोजनचं खत पुरणार नाही, गहू कमी पडेल. त्या वेळी ते खत मुख्यतः चिलीच्या वाळवंटातून यायचं. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरनी प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉशनी त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ ला ओपाऊमध्ये उत्पादन सुरू झालं. आज जगातली जवळपास निम्मी माणसं त्या एका प्रक्रियेच्या जोरावर जेवतात. टंचाईवर तंत्रज्ञानाने मात केल्याचं याच्यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही, पण ती मात कशी झाली? हवेत नायट्रोजन भरपूर होता, आपण त्याच्यावर ऊर्जा ओतली. टंचाई नायट्रोजनकडून ऊर्जेकडे सरकवली, एवढंच.

त्याच खतातल्या फॉस्फरसला हा डाव चालत नाही. तो हवेत नाही, त्याला पर्याय नाही, पेशीत त्याच्या जागी दुसरं काही बसत नाही, आणि मोजलेल्या साठ्यातला ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एका पट्ट्यात आहे. फॉस्फरस पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो १६६९ साली, मूत्र आटवून, आणि साडेतीनशे वर्षांनी आपण पुन्हा सांडपाण्यातून फॉस्फरस परत मिळवायचे प्लांट बसवतोय, म्हणजे फिरून तिथेच आलो. चालतात ते प्लांट, मात्र शेतातून वाहून नद्यांत गेलेला फॉस्फरस तसा सहज गोळा होत नाही.

तर इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर बहुतेक टंचाया शेवटी ऊर्जेच्या प्रश्नात विरघळतात, थोड्याच विरघळत नाहीत, आणि त्या थोड्यांवर डोळा ठेवायला हवा.

आता तुम्ही म्हणाल की मग झालंच की, सोलर तर इतकं स्वस्त झालंय. हो, झालंय, २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनलचे भाव साधारण नव्वद टक्क्यांनी पडले, लिथियम-आयन बॅटऱ्यांचंही तसंच, आणि माझ्या पिढीतल्या बहुतेक प्लॅनिंगवाल्यांना हे इतकं होईल असं वाटलं नव्हतं. पण इथे मला जे मुख्य सांगायचंय ते येतं. स्वस्त होणं आणि उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक गोष्टीला आपापला वेळ लागतो आणि ते वेळ एकमेकांशी जुळत नाहीत, पुढची पन्नास वर्षं कशी जातील हे मुख्यतः या न जुळण्यावर ठरणार आहे असं माझं मत आहे.

बघा म्हणजे. डेटा सेंटर दोनेक वर्षांत उभं राहतं. सोलरचा प्रकल्प एक ते पाच वर्षांत. त्याची वीज वाहून न्यायची हाय व्होल्टेज लाइन मात्र पाच ते पंधरा वर्षं खाते, जमीन, परवानग्या, कोर्टकचेऱ्या सगळं धरून. मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर आज ऑर्डर केला तर हातात यायला दोन-तीन वर्षं, कधी चार. आणि तांब्याची नवीन खाण? सापडल्यापासून पहिला माल निघेपर्यंत सरासरी सोळा वर्षं. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मोजलं तेव्हा बऱ्यापैकी पुढे गेलेले १५०० गिगावॅटचे अक्षय ऊर्जा प्रकल्प नुसते ग्रिडच्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या, जोडणीची वाट बघत रांगेत उभे होते. पॅनल तयार, पैसा तयार, वायर नाही.

शोधांचंही तेच. आजच्या गाड्यांमधल्या एलएफपी बॅटरीचं रसायन, लोह आणि फॉस्फेटवालं, ज्यात कोबाल्ट आणि निकेल लागत नाही, ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाजारात जवळपास निम्मा वाटा मिळवायला त्याला २०२४ उजाडलं. सत्तावीस वर्षं. आणि हा यशस्वी शोध आहे बरं का! दहा वर्षांपूर्वी सगळे म्हणत होते कोबाल्टवर सगळं अडणार, तेव्हा त्याचं उत्तर आधीच सापडलेलं होतं, फक्त कारखान्यांतून हळूहळू वर येत होतं. याच्यातून मी एक शिकलोय, २०५० पर्यंत मोठ्या प्रमाणावर जे वापरात असेल ते बहुतेक आज कुठल्यातरी लॅबमध्ये किंवा पायलट प्लांटमध्ये असतंच. पूर्ण नवीन काहीतरी येऊन वीस वर्षांत जगाचं पायाभूत सामान बदलेल यावर मी तरी पैसे लावणार नाही.

एआयबद्दल तुम्ही खास विचारलंय. आमच्या प्लांटमध्ये मिलचं कंट्रोल मशीन लर्निंगवर टाकलं की उत्पादनात दोन-चार टक्के फरक पडतो, ते वाईट नाही, पण ग्रेड खाली जाण्याने जे नुकसान होतं त्याच्यापुढे ते किरकोळ आहे. जास्त काम करतं ते सेन्सरने दगड निवडणं, म्हणजे पट्ट्यावरून जाणारा दगड एक्स-रेने बघून बिनकामाचा तिथेच उडवून टाकायचा, दळायच्या आधी. जो दगड दळलाच नाही त्याची वीज वाचली. प्रत्येक खाणीत जमत नाही, धातू दगडात सगळीकडे बारीक विखुरलेला असेल तर निवडायला काही उरतच नाही. शोधकामात, म्हणजे कुठे ड्रिल मारायचं हे ठरवण्यात, एआयचा खरा फायदा होईल असं मला वाटतं. पण सोळा वर्षांतला मोठा भाग परवानग्या, पैसा उभा करणं, रस्ता-पाणी-वीज आणि आसपासच्या लोकांची संमती यात जातो, आणि गावकऱ्यांचा विश्वास अल्गोरिदमने लवकर बसत नाही.

शिवाय एआय स्वतः वीज खातं. २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी साधारण ४१५ अब्ज युनिट खाल्ले, एकूण विजेच्या दीड टक्का, २०३० पर्यंत हे दुपटीच्या वर जाईल असा अंदाज आहे. यावर लोक म्हणतात चिप्स अजून कार्यक्षम होतील. होतील ना, पण कार्यक्षमता वाढली म्हणून वापर कमी होतोच असं नाही. १८६५ मध्ये विल्यम जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने दाखवलं होतं की वाफेचं इंजिन सुधारलं तसा कोळशाचा खप वाढला, कारण स्वस्त झाल्यावर लोकांनी ते हजार नव्या ठिकाणी लावलं. आमच्याकडेही मिल सुधारली की बचत कोणी खिशात टाकत नाही, अजून कमी तांब्याचा दगड दळायला घेतात.

टंचाईच्या चर्चेत एक बाजू सहसा सुटते, ती म्हणजे टाकायचं कुठे. वरच्या हिशोबात १ टन तांब्यामागे १८० टनांच्या आसपास गाळ उरतो, तो धरणासारख्या बांधाआड साठवतात आणि तो कायमचा सांभाळायचा असतो, खाण बंद झाल्यावरसुद्धा. जानेवारी २०१९ मध्ये ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला लोहखनिजाच्या खाणीचा असा बांध फुटला, २७० च्या आसपास माणसं गेली, आणि त्या बांधात नवीन गाळ टाकणं तेव्हा बंदच झालेलं होतं. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचं गणित याच जातीचं आहे. कोळसा जमिनीत इतका आहे की तो संपायच्या कितीतरी आधी तो जाळल्याचा कचरा ठेवायची जागा, म्हणजे वातावरण, भरून जातं. माझा अनुभव असा की काढायची अडचण पैशाने सुटते, टाकायची अडचण पैशाने फक्त पुढे ढकलली जाते.

मग पन्नास वर्षांनी काय? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि तिन्ही माझ्या हिशोबाबाहेर आहेत. लोकसंख्या (संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की २०८० च्या दशकात १०३० कोटींच्या आसपास शिखर गाठून ती उतरायला लागेल), देश एकमेकांशी व्यापार चालू ठेवतात का, आणि परवानग्या-लाइन-ग्रिड हे कंटाळवाणं काम कोण किती नेटाने करतं. दुसऱ्या मुद्द्याची चुणूक २०१० मध्ये दिसली होती, चीनने रेअर अर्थचा, म्हणजे चुंबक आणि मोटरींना लागणाऱ्या धातूंच्या एका गटाचा, निर्यात कोटा कापला आणि वर्षभरात काहींचे भाव दहापटीच्या वर गेले. नंतर ते आपटले पण, कारण लोकांनी वापर कमी केला, दुसरीकडे खाणी चालू केल्या. ही जमिनीतली टंचाई नव्हतीच, रेअर अर्थ नावाइतके दुर्मिळ नाहीत, चालू खाणी आणि शुद्धीकरणाचे कारखाने बहुतेक एका हातात होते म्हणून ते झालं.

तर मला कोसळणं दिसत नाही आणि स्वर्गही दिसत नाही. मला धक्के दिसतात. मागणी दोन वर्षांत उडी मारते, पुरवठा पंधरा वर्षांनी पोचतो, मधल्या काळात भाव उसळतात, सरकारं घाबरून निर्यात अडवतात, मग अचानक सगळ्यांच्या खाणी एकदम सुरू होऊन भाव पडतात, निम्म्या बंद, आणि पुन्हा तेच. लिथियममध्ये २०२२ ते २०२४ ला हे झालेलं आपण बघितलंच. या हेलकाव्यात ज्यांच्याकडे स्वस्त आणि भरवशाची वीज आहे ते पाणी, खत, धातू सगळं मिळवतील, आणि उद्योग त्यांच्याकडे सरकतील. हे नवीन नाही, आइसलंडमध्ये बॉक्साइटचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचा, एक खडा नाही तरी तिथे ॲल्युमिनियम काढायचे कारखाने (स्मेल्टर) आहेत, कारण किलोला १३ ते १५ युनिट लागतात आणि वीज तिथे आहे. ज्यांच्याकडे ती नाही त्यांना टंचाई आजही जाणवते, २०७५ ची वाट बघायची गरज नाही. 'माणसाचं भविष्य' असं एकच काही नसणार, हे मला सगळ्यात जास्त खात्रीने सांगता येईल.

शिकायचं काय, तर ज्या गोष्टीला रांग आहे, म्हणजे काम अडून पडलंय, ते शिका. सध्या रांग ट्रान्समिशन (वीज लांब वाहून नेणं), पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, भूजल, धातूंचं पुनर्चक्रीकरण या कामांना आहे. भंगारातून ॲल्युमिनियम काढायला नवीनच्या ५ टक्केच ऊर्जा लागते, तरी मिश्रधातू वेगळे ओळखून निवडणारी माणसं आणि यंत्रं कमी पडतात, तिथे एआय आलेलं मला जास्त आवडेल. आणि बातम्या वाचताना 'क्रांतिकारी शोध' वाचून सोडून द्या, त्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरची डिलिव्हरी किती महिन्यांवर गेली आणि खाणींच्या वार्षिक अहवालात मिलमध्ये जाणाऱ्या दगडाची ग्रेड किती लिहिलीय हे दोन आकडे दरवर्षी बघत जा. डिलिव्हरीचे महिने कमी व्हायला लागले तर समजा गाडी रुळावर येतेय, ग्रेड मात्र खालीच जाणार, तिच्याकडे बघायचं ते किती वेगाने जातेय यासाठी.